टोलचा लूप संपत का नाही?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवताना सर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवतात. लूप लिहायचा असेल तर तो कधी थांबणार ते आधी लिहा. नाही लिहिलं तर मशीन बिचारं काही विचारत नाही, ते आपलं फिरत राहतं. लॅबमध्ये असं झालं की सगळे हसतात, प्रोग्रॅम बंद करतात आणि विषय संपतो.

आपल्या देशात मात्र असा एक लूप चक्क रस्त्यावर लिहिला गेला. त्यावर सह्या झाल्या, शिक्के बसले, आणि तो कायमचा थांबवायला सुप्रीम कोर्टाला यावं लागलं. दिल्ली आणि नोएडा जोडणारा डीएनडी फ्लायवे म्हणजे तो लूप. दिल्लीकडे ऑनसाइट गेलेल्या बऱ्याच मंडळींनी तो पाहिला असेल. रस्ता उत्तम आहे, त्याबद्दल वादच नाही. भानगड आहे ती करारात.

१९९७ साली नोएडा प्राधिकरण, आयएल अँड एफएस आणि नोएडा टोल ब्रिज कंपनी यांच्यात करार झाला. बीओटी, म्हणजे बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा. रस्ता २००१ मध्ये सुरू झाला. करारात असं होतं की कंपनीला प्रकल्पाच्या खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा मिळेल. एखाद्या वर्षी तेवढा मिळाला नाही तर जेवढी तूट पडली तेवढी रक्कम प्रकल्पाच्या खर्चात मिळवायची, आणि पुढच्या वर्षीचे २० टक्के त्या वाढलेल्या खर्चावर धरायचे. मुदत ३० वर्षांची, पण तोवर वसुली झाली नाही तर दोन-दोन वर्षांनी वाढवत न्यायची.

वाचताना फार भयंकर वाटत नाही ना? मग एक्सेल उघडा. आकडे माझे, नुसते समजण्यापुरते. समजा रस्त्याला १०० कोटी लागले. पहिल्या वर्षी कंपनीला २० कोटी मिळायला हवे होते, सगळा खर्च वजा जाता मिळाले १२. तूट ८, म्हणजे आता प्रकल्पाचा खर्च १०८ कोटी. दुसऱ्या वर्षी हक्काचे झाले २१.६ कोटी. उत्पन्न वाढून १३ झालं, तरी तूट ८.६. असं दरवर्षी उत्पन्न एकेक कोटीने वाढवत चला. दहा वर्षांनी उत्पन्न १२ वरून २१ कोटींवर गेलेलं असतं. कंपनीच्या हातात एकूण १६५ कोटी आलेले असतात. आणि वसूल व्हायचे किती बाकी? सुमारे २२८ कोटी! १०० घातले, १६५ मिळाले, २२८ बाकी. गावाकडच्या सावकाराच्या वहीत जे चालायचं ते इथे छान टाइप करून, स्टॅम्प पेपरवर.

नोएडातल्या रहिवासी संघटनांच्या महासंघाने २०१२ मध्ये अलाहाबाद हायकोर्टात याचिका केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये हायकोर्टाने टोल बंद केला. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली. २० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल कायम केला. कंपनीचा खर्च वसूल झाला होता, कर्जं फिटली होती, भागधारकांना लाभांशही मिळाला होता. शिवाय हे काम देताना रीतसर टेंडरच निघालं नव्हतं, हाही मुद्दा निकालात आला. थोडक्यात काय, १९९७ च्या कराराचा हिशोब लागायला २७ वर्षं गेली.

आता माझा मुद्दा. सार्वजनिक-खाजगी भागीदारी, म्हणजे आपली लाडकी पीपीपी, हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते खाजगीवाले लुटारू. दुसरी म्हणते सरकारच्या हातात दिलं तर काहीच होणार नाही. कॅन्टीनमध्ये यावर दोन चहा सहज होतात. मला वाटतं, दोघेही चुकीच्या ठिकाणी भांडतायत. रस्ता कोण बांधतो याहून महत्त्वाचा आहे तो ३०-३५ वर्षं चालणारा कागद. करार हाच कोड आहे. कंपनी आणि सरकार हे दोन डेव्हलपर, आणि आपण त्यात चालणारा डेटा. गंमत म्हणजे चारशे ओळींचा बदलही आम्ही दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, आणि हजारो कोटींचा कोड मात्र कोणी बाहेरच्याने वाचण्याआधीच प्रॉडक्शनवर जातो.

दुसरं उदाहरण बघा. हे वाचताना आयटीवाल्यांना अगदी घरच्यासारखं वाटेल :-)

दिल्लीची एअरपोर्ट मेट्रो. २००८ मध्ये दिल्ली मेट्रो, म्हणजे डीएमआरसी, आणि रिलायन्स इन्फ्राच्या नेतृत्वाखालची कंपनी यांच्यात ३० वर्षांचा करार झाला. कामाची वाटणी अशी होती: बोगदे, खांब, पूल वगैरे स्थापत्य काम सरकारी डीएमआरसीचं, आणि रूळ, सिग्नल, गाड्या हे सगळं कंपनीचं. सुमारे २३ किलोमीटरची ही लाइन फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०१२ मध्ये बंद पडली. पुलाखालच्या बेअरिंगमध्ये दोष सापडले होते. कंपनी म्हणाली स्थापत्य तुमचं, दुरुस्त करा. ९० दिवसांची मुदत दिली. मुदत संपल्यावर ऑक्टोबरमध्ये करार रद्द केल्याची नोटीस. तिकडे दुरुस्ती झाली, सुरक्षा आयुक्तांनी परवानगी दिली आणि जानेवारी २०१३ मध्ये गाड्या परत धावायलाही लागल्या. पण कंपनी त्या वर्षाच्या मध्यावर बाहेर पडली आणि १ जुलैपासून लाइन डीएमआरसीने चालवायला घेतली.

मग सुरू झाली खरी मॅच. दोष ९० दिवसांत 'दूर' झाला की नाही? दूर करण्यासाठी 'परिणामकारक पावलं' उचलली की नाही? या शब्दांवर कीस पाडला गेला. २०१७ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने २७८२ कोटी रुपये अधिक व्याज असा निकाल दिला. २०१८ मध्ये हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी तो कायम ठेवला. २०१९ मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने रद्द केला. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा कायम केला. आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने क्युरेटिव्ह याचिकेवर तो परत रद्द केला आणि कंपनीला मिळालेले पैसे परत करायला सांगितले. तोवर व्याज चढून रक्कम ८००० कोटींच्या घरात गेली होती. क्युरेटिव्ह याचिका मान्य होणं म्हणजे किती दुर्मिळ गोष्ट आहे हे एखाद्या वकील मित्राला विचारा.

कोण बरोबर, कोण चूक, ते बाजूला ठेवू. मला दिसतं ते एवढंच की एकाच चालत्या यंत्राचे दोन तुकडे दोन मालकांना दिले आणि जोडाची जबाबदारी स्वच्छ कोणाची ते ठरलं नाही. शिवाय 'झालं' म्हणजे नक्की काय झालं, याची व्याख्याही भोंगळ. आमच्याकडे टेस्टिंगवाला बग टाकतो, डेव्हलपर म्हणतो माझ्या मशीनवर चालतंय, डेटाबेसवाला म्हणतो माझ्याकडे काही नाही. फरक इतकाच की आमच्याकडे मॅनेजर येऊन ओरडतो आणि संध्याकाळपर्यंत सुटतं. इथे प्रवाशांनी साडेसहा महिने बंद लाइन बघितली आणि हिशोबाला अकरा-बारा वर्षं लागली. आणि बरं का, नंतर डीएमआरसीने भाडं कमी केलं तेव्हा प्रवासी वाढलेच. गरज होती, गाडी होती, रूळ होते. मधला कागद मोडका होता.

आता जरा घराकडे येऊ. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, मुंबईची मेट्रो वन. अंधेरीला नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, या ११.४ किलोमीटरने काय सुख दिलं ते. पावसाळ्यात साकीनाक्याला बसमध्ये दीड तास अडकणं आणि एसी डब्यातून वीस मिनिटांत पलीकडे जाणं, यातला फरक पैशात मोजता येत नाही. प्रकल्प चांगला होता यात शंका नाही. करार २००७ चा, ३५ वर्षांचा. कंपनीत रिलायन्सचे ६९ टक्के, फ्रेंच विओलियाचे ५ आणि एमएमआरडीएचे २६. खर्च धरला होता २३५६ कोटी, त्यातले ६५० कोटी सरकारने मदत म्हणून द्यायचे. मेट्रो धावली ८ जून २०१४ ला, आणि तोवर खर्च ४३२१ कोटींवर गेला असं कंपनीचं म्हणणं. जागा वेळेवर ताब्यात मिळाली नाही म्हणून खर्च वाढला, तो द्या, ही कंपनीची मागणी.

आणि पहिल्याच दिवसापासून भाड्यावर भांडण. सरकार म्हणे करारात ९, ११ आणि १३ रुपये ठरलेत. कंपनी म्हणे मेट्रोच्या केंद्रीय कायद्यात पहिलं भाडं ठरवायचा अधिकार मेट्रो चालवणाऱ्याला आहे, आम्ही १० ते ४० घेणार. म्हणजे करार एक बोलतो आणि कायदा दुसरं, आणि हे कधीतरी एकमेकांवर आदळतील याचा विचार सही करताना झालेला नव्हता. हायकोर्टाने भाड्याला स्थगिती दिली नाही. पुढे एका समितीने तर ११० रुपयांपर्यंतच्या भाड्याची शिफारस केली, ती २०१७ मध्ये हायकोर्टाने रद्द केली. ऑगस्ट २०२३ मध्ये लवादाने एमएमआरडीएने कंपनीला ९९२ कोटी द्यावेत असा निर्णय दिला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कंपनीचा वाटा विकत घ्यायचं ठरवलं, किंमत सुमारे ४००० कोटी. जूनमध्ये तो निर्णय मागे. जून २०२५ मध्ये हायकोर्टाने एमएमआरडीएला ११६९ कोटी रुपये कोर्टात जमा करायला सांगितले. तुम्ही-आम्ही या काळात फक्त टोकन आणि कार्ड घेऊन ये-जा करत होतो.

इथे कोणी म्हणेल, हे सगळे फसलेले नमुने झाले. बरोबर आहे. चाललेला नमुनाही आपल्याच दारात आहे. न्हावा शेवाला जेएनपीटीने १९९७ मध्ये एक कंटेनर टर्मिनल खाजगी कंपनीला ३० वर्षांच्या बीओटीवर दिलं आणि १९९९ मध्ये ते सुरू झालं. बंदरांमधल्या पीपीपीचं हे सुरुवातीचं उदाहरण, आणि ते चाललं. का? मला दोन कारणं दिसतात. शेजारीच जेएनपीटीचं स्वतःचं टर्मिनल होतं, त्यामुळे जहाज कंपन्यांना तुलना करता येत होती. आणि काम मोजता येत होतं, तासाला किती कंटेनर उतरले, जहाज किती वेळ थांबलं. जिथे पर्याय असतो आणि मोजमाप असतं, तिथे खाजगी माणूस जीव तोडून काम करतो. पुलाला पर्याय नसतो. मेट्रो लाइनला शेजारी दुसरी लाइन नसते. तिथे पर्यायाची जागा कराराने भरून काढायची असते, आणि नेमका तोच कच्चा राहतो.

बरं, कच्चा का राहतो? सगळ्यांना सगळं पैसे खाण्यात शोधायची सवय आहे. ते असेलही, मला माहिती नाही. पण मला आणखी एक ओळखीचं कारण दिसतं. फिक्स्ड प्राइस प्रोजेक्ट! सेल्सवाले कमी किंमत सांगून डील आणतात, क्लायंट खूष, बोनस वाटले जातात. सहा महिन्यांनी कळतं की एवढ्यात हे होणार नाही. मग चेंज रिक्वेस्टचा पाऊस. इथेही टेंडर जिंकताना रहदारी वाढवून धरायची, खर्च कमी धरायचा, आणि नंतर मोबदला आणि मुदतवाढ मागत बसायचं. समोर सरकारला पण फीत कापायची घाई. जागा ताब्यात नसताना काम सुरू. दोघांनाही सही करण्याची घाई असते, आणि सही करताना समोर असणारी माणसं दहा वर्षांनी त्या खुर्चीत नसतात.

मग अडचण आल्यावर करार बदलायला कोणी अधिकारी धजावत नाही. बदलला तर उद्या चौकशी लागेल ही भीती. त्यापेक्षा कोर्टात जाऊ दे, कोर्टाने सांगितलं की आपण मोकळे. विजय केळकर समितीने २०१५ च्या आपल्या अहवालात हे सगळं सांगून ठेवलंय. जोखीम ज्याला सांभाळता येईल त्याच्याकडे द्या. स्वतःची जबाबदारी झटकण्यासाठी सरकारने पीपीपी वापरू नये. दीर्घ करारात परिस्थिती बदलणारच, तेव्हा फेरवाटाघाटीची रीत आधीच ठरवा. प्रामाणिक चुकीला आणि भ्रष्टाचाराला एकाच दांडक्याने मारू नका. हे सरकारनेच नेमलेल्या समितीने सरकारला सांगितलं होतं.

काही गोष्टी सुधारल्या, ते नाकारायचं कारण नाही. २०१६ पासून राष्ट्रीय महामार्गांसाठी हायब्रिड ॲन्युइटी पद्धत आली. बांधकामाच्या काळात ४० टक्के पैसे सरकार देतं, उरलेले हप्त्याहप्त्याने, आणि टोल सरकार गोळा करतं. म्हणजे गाड्या किती येतील ही जोखीम कंत्राटदाराच्या डोक्यावरून काढली. ते शहाणपणाचं होतं, कारण गाड्या किती येणार हे कंत्राटदाराच्या हातात नसतंच.

पण टोलच्या लूपचं काय? त्यावरही उपाय आहे, आणि तो चिलीने १९९८ मध्ये सांतियागो-वालपराइसो-विन्या देल मार महामार्गावर वापरला. टेंडरमध्ये 'किती वर्षं टोल घेणार' असं विचारायचंच नाही. 'आजच्या किमतीत एकूण किती टोल गोळा करून तुम्ही रस्ता परत द्याल' असं विचारायचं. सगळ्यात कमी आकडा सांगेल त्याला काम. तेवढा टोल जमला की करार संपला. गाड्या जास्त आल्या तर लवकर संपेल, कमी आल्या तर उशिरा. सरकारला जर मध्येच रस्ता परत हवा असेल तर किती द्यायचे तेही जवळपास ठरलेलं असतं, कारण उरलेला आकडा समोर दिसतो. डीएनडीच्या अगदी उलट. तिथे लक्ष्य दरवर्षी पुढे पळत होतं, इथे लक्ष्य जागच्या जागी आहे आणि आपण रोज त्याच्याकडे सरकतोय. लूप तोच, फक्त थांबायची अट नीट लिहिली.

आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेकडे या नजरेने बघा. रस्ता एमएसआरडीसीने बांधला, २००२ मध्ये पूर्ण झाला. २००४ मध्ये ९१८ कोटी एकरकमी घेऊन १५ वर्षांचे टोलचे हक्क दिले. २०१९ मध्ये ते संपले. टोल संपला का? नाही. २०२० मध्ये पुन्हा १० वर्षांसाठी ८२६२ कोटींना दिले. दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ आधीच लिहून ठेवलेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये कारचा टोल २७० वरून ३२० झाला तेव्हा सगळीकडे आरडाओरडा झाला. पण ती काही त्या दिवशी ठरलेली वाढ नव्हती. कोडमध्ये लिहिलेलं होतं, तारीख आली, चाललं. आणि या रस्त्याचा नेमका किती पैसा फिटला की टोल बंद, हा प्रश्न करारातल्या तारखांमध्ये कुठे दिसतच नाही. सरकारला आज पैसे हवे असतात म्हणून उद्याचा टोल आज विकला जातो. त्या पैशातून दुसरे रस्ते होत असतील तर एक वेळ चालेलही. पण मग तसं सरळ सांगा ना, की हा रस्त्याचा खर्च नाही, हा कर आहे.

"मला काय, कंपनी कॅब देते" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, डीएनडीवाली आयएल अँड एफएस २०१८ मध्ये कोसळली तेव्हा समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज होतं, आणि ते देणाऱ्यांत भविष्य निर्वाह निधी आणि म्युच्युअल फंडही होते. म्हणजे पगारातून कापला जाणारा आपला पीएफ आणि दर महिन्याची एसआयपी. पुलावरून कधी गेलो नाही तरी त्याची झळ आपल्यापर्यंत पोचू शकते ती अशी.

दुसरी गोष्ट हिंजवडीकरांसाठी. हिंजवडी ते शिवाजीनगर ही मेट्रो पीपीपीवर आहे. पीएमआरडीए एका बाजूला, टाटा आणि सीमेन्सची कंपनी दुसऱ्या बाजूला. सुमारे २३ किलोमीटर, २३ स्टेशनं, करार २०१९ चा, ३५ वर्षांचा. हिशोब करा. मी आज तिशीच्या आत आहे. हा करार संपेल तेव्हा मी रिटायरमेंटचे फॉर्म भरत असेन. आपल्या नोकरीपेक्षा, होम लोनपेक्षा, कदाचित आपण वापरतो त्या प्रत्येक प्रोग्रॅमिंग लँग्वेजपेक्षा तो करार जास्त टिकणार आहे. घराच्या करारनाम्याचं पानन् पान आपण वाचतो, वकिलाला दाखवतो. याचं एक पान तरी आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय?

म्हणून मला मोठमोठ्या गोष्टी नकोत. तीनच मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक पीपीपी करार सहीच्या आधी निदान महिनाभर लोकांसमोर ठेवा, आणि नंतरचा प्रत्येक बदलही. माहिती अधिकारात अर्ज केला की 'व्यावसायिक गोपनीयता' म्हणून हात वर करायचे, हे रस्त्याच्या बाबतीत तरी बंद व्हावं. दुसरी, थांबायची अट आकड्यात लिहा, आणि त्या आकड्यापैकी किती जमले ते टोलनाक्यावरच बोर्डावर दाखवा. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा आहे. गाडी गेली की टोल कापल्याचा मेसेज आपल्याला येतो, मग एकूण किती जमले हे सांगायला कसली अडचण? लॉग तयारच आहे, फक्त बघू देत नाहीत. तिसरी, जमीन, परवानग्या आणि दोन कंत्राटांमधला जोड, याचा एकच मालक नाव घेऊन ठरवा, आणि ठरेपर्यंत नारळ फोडू नका.

यातल्या एकाही गोष्टीला नवीन तंत्रज्ञान लागत नाही. प्रामाणिक खाजगी कंपनीचाही यात फायदाच आहे, कारण तिलाही बारा वर्षं कोर्टात घालवण्यात काही रस नसतो. पूल बांधणं आपल्याला जमतं. मेट्रो चालवणंही जमतं. कागद तेवढा जमत नाही, आणि तो न जमल्याची किंमत आपण तीस-तीस वर्षं हप्त्याने भरतो. तेव्हा पुढच्या वेळी नवीन प्रकल्पाची पानभर जाहिरात आली की किती हजार कोटी हे बघून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारा, हे थांबणार कधी, आणि ते कुठे लिहिलंय?